शेवटून तिसरा आकडा

आमच्या दवाखान्यात नेटवर्क फक्त खोड्यात येतं.
म्हणजे जिथं बैल उभा करून
दोन्ही बाजूंनी लोखंडी दांडे घालतो,
तिथं, डाव्या खांबाशी, मान जरा वर केली तर.
ओटीपी यायचा असला की मी आत शिरतो.
गेडाम परिचर मागचा दांडा अडकवल्यासारखं करतो,
"वेसन आनू का सायेब?"
रोजचा विनोद आहे. रोज हसतो.
खोड्यापासून टेबलापर्यंत बावीस पावलं,
ओटीपी जगतो तीस सेकंद,
आणि मधे कोणाची तरी शेळी आडवी असते.

पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा,
एक वाकडं चिन्ह, आणि दर पंचेचाळीस दिवसांनी नवा.
मी गावातल्या मेलेल्या बैलांची नावं वापरतो.
हऱ्या, मोत्या, पांड्या संपले.
सध्या सर्ज्या चालू आहे.
जिवंत होता तेव्हाही
तो कोणाला सहज आत येऊ देत नसे.

मी यंत्र नाही, असं रोज कबूल करावं लागतं.
पुरावा म्हणून सिग्नल असलेले चौकोन दाखवा म्हणतं.
सिग्नल यवतमाळला आहे. एकसष्ट किलोमीटर.
मागच्या खेपेला पाहिला तेव्हा बंद होता.

कार्तिकातल्या एका सोमवारी मेल आला, विषय : अतितात्काळ.
माहिती शनिवारी दुपारपर्यंत हवी होती.
खाली कोणीतरी सगळ्यांनाच लिहिलं, "पाहतो."
मग एकशे बारा दवाखान्यांनी
एकशे बारा वेळा "पाहतो" लिहिलं,
पेटी भरली,
आणि पेटी भरल्याचं सांगणारा मेल
जागा नाही म्हणून परत गेला म्हणे.

त्याच गडबडीत मी यमुनाबाई कोडापेंची म्हैस मारली.

बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला,
शेवटून तिसरा शेणानं भरलेला,
नऊच्या जागी सहा.
मारायची होती सातघऱ्यांची गाय,
जिला आधीच साप चावला होता.
"आपली खात्री आहे का?" विचारलं.
होती.
मागे फिरायचं बटण त्या रकान्यात नाही,
आणि एका अर्थी ते बरोबरच आहे.

लस द्यायला गेलो तर पडदा लाल :
मृत जनावरास लसीकरण करता येत नाही.
मृत जनावर माझी बाही चघळत होतं.
यमुनाबाईंना सगळं समजावून सांगितलं.
त्यांनी म्हशीकडं पाहिलं, मग मोबाइलकडं.
"मंग तिच्या पोटात लाता मारून राह्यलं
थे कोन हाय?"

टोचली. नोंद केली शिसपेन्सिलनं, जुन्या वहीत,
जिथं माझ्या आधीच्या साहेबांचं तिरपं अक्षर आहे
आणि एका कोपऱ्यात वाळवीचं.

तीन मेल पाठवले.
पहिल्याला उत्तर : हा पत्ता कोणी पाहत नाही.
दुसऱ्याला : जोडलेली फाइल फार जड आहे.
म्हशीचा फोटो होता. जड असणारच.
तिसऱ्याला सात आकडी क्रमांक मिळाला,
आणि चार महिन्यांनी, काल,
तक्रार निकाली काढली, किती चांदण्या द्याल?

आज पहाटे ती व्याली. वगार झाली.
मी खोड्यात उभं राहून नोंदणी उघडली,
आईचा क्रमांक टाकला.
आई मृत, म्हणाला, एकशे सव्वीस दिवसांपूर्वी.
कृपया तपासा.

जाऊन तपासलं.
आई वगारीच्या पाठीवरून जीभ फिरवत होती,
उलट्या केसांनी, मग सुलट्या.
यमुनाबाईंनी डबाभर चीक दिला, गेडामचा वेगळा बांधला.
"नंबर नाई भेटला त जगते न थे, सायेब?"
मी बिल्ल्याची पक्कड खिशात ठेवली.
वगार दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी राहिली
आणि माशी बसली म्हणून
दोन्ही कान हलवले तिनं,
रिकामे.